चावणाऱ्या मुलाचं पोट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लहान मुलांचे दात बघते. मुलांना घेऊन येणाऱ्या आयांच्या तोंडी हल्ली एक शब्द वारंवार असतो: प्रीबायोटिक. कुणी तो मोबाइलवर वाचलेला असतो, कुणी पावडरीच्या डब्यावर. गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या दोन संशोधकांनी १९९५ मध्ये ही कल्पना मांडली. आपल्याला जे पचत नाही पण आपल्या शरीरातले उपयोगी जिवाणू ज्यावर जगतात, आणि त्यांच्या जगण्याचा आपल्याला फायदा होतो, ते प्रीबायोटिक. दह्याताकातून पोटात जातात ते जिवाणू. प्रीबायोटिक म्हणजे त्यांचं जेवण. ताकाचा पेला रिचवला आणि वर दिवसभर मैदाच खाल्ला, तर पाहुणे बोलावून त्यांना उपाशी ठेवल्यासारखं होतं.

आता पोटातल्या जिवाणूंशी दातांच्या डॉक्टरचा काय संबंध, तर बराच आहे. वर्षानुवर्षं मुलांच्या तोंडात डोकावताना जे कळत गेलं, ते सांगते.

१. संडासला कशी होते, हे विचारल्याशिवाय दात बघू नयेत

मूल खुर्चीत बसलं की मी आधी आईला विचारते, "रोज साफ होते का?" बायका चमकतात. दाताच्या दवाखान्यात हा प्रश्न कुणाला अपेक्षित नसतो. मग हळूच उत्तर येतं, "तीन-तीन दिवस होत न्हाई ओ. रडतंय नुसतं." मागच्या दाढा किडलेल्या मुलांमध्ये हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही.

किडलेल्या दाढेनं चावताना कळ येते. चार-पाच वर्षांचं पोर "माझी दाढ दुखते" असं नीट सांगत नाही. ते फक्त भाकरी बाजूला सारतं, उसळीतले दाणे थुंकतं, पेरू नको म्हणतं. घरात सगळ्यांना वाटतं, पोराचे नखरे वाढलेत. मग पोटात काहीतरी जावं म्हणून दुधात बुडवलेलं बिस्कीट, मऊ केलेला पांढरा भात, पाव, शिरा. हे सगळं चावावं लागत नाही, आणि यात चोथा जवळजवळ नाही. आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला काही उरत नाही, मळ कोरडा होतो, संडासला दुखतं. दुखतं म्हणून मूल ती दाबून धरतं. दाबून धरली की आणखी कडक होते. पोट फुगलेलं, म्हणून भूक नाही. भूक नाही, म्हणून पुन्हा दूध-बिस्कीट. आणि त्या बिस्किटातली साखर दाढांच्या खाचांत बसून राहिलेली असतेच.

हे चक्र कुठूनही तोडता येतं, पण दाढेपासून तोडलं तर सगळ्यात लवकर सुटतं असं माझं मत आहे. दाढ भरली, गरज पडली तर तिची नस काढून वर स्टीलची टोपी बसवली, की मूल आठवड्याभरात चावू लागतं. "दुधाचेच दात की, पडणारच हायती," हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. पडणार आहेत हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षी पडतात. म्हणजे प्राथमिक शाळेची सगळी वर्षं मूल त्याच दाढांनी जेवतं.

दाढ दुरुस्त होईपर्यंत काय, तर भाकरी कुस्करून आमटीत किंवा बिनसाखरेच्या दुधात काला करून द्यावा. मऊ झाली तरी भाकरीतला चोथा कुठे जात नाही.

२. पहिलं प्रीबायोटिक आईच्या दुधात असतं

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री तिसिये यानं १८९९ मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक दुफाट्या आकाराचा जिवाणू पाहिला. त्यालाच आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. तो तिथे इतका का फोफावतो, याचं उत्तर पुढे आईच्या दुधात सापडलं. त्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थांच्या खालोखाल भरतो तो साखरेच्या छोट्या साखळ्यांचा एक वर्ग, आणि बाळाला त्या पचतच नाहीत. लिटरभर दुधात त्या साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात, चिकात आणखी जास्त. दोनशेहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेलेत. बाळाला न पचणारी गोष्ट शरीरानं एवढ्या मेहनतीनं बनवावी, ती कुणासाठी? आतड्यातल्या त्या जिवाणूंसाठी. डब्यातल्या पावडरींमध्ये हल्ली अशाच काही साखळ्या मिसळतात आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतात. मूळ वस्तू आईकडे फुकट असते.

सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आपल्या उष्टावणाच्या वेळेशी छान जुळतो. साधारण त्याच सुमाराला पहिला दात दिसतो, आणि इथून मात्र माझं काम सुरू होतं. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात. खालचे वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते आणि लाळ खेळती असते. वरचे चार दात तपकिरी आणि खालचे पांढरे, असं तोंड दिसलं की बाटलीबद्दल वेगळं विचारावं लागत नाही. बाटलीत साखर घातलेली असेल तर बघायलाच नको. वर्षानंतर रात्रभर अंगावर पिणाऱ्या मुलांचेही दात जपावे लागतात. झोपेत लाळ कमी सुटते, दात धुऊन निघत नाहीत.

३. दुकानात जायच्या आधी आपल्या फडताळात बघावं

आतड्यातल्या जिवाणूंना काय लागतं, तर जे लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचेल ते. आपल्या स्वयंपाकघरात हे चिक्कार आहे.

कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान नावाच्या साखळ्या असतात, थोड्या प्रमाणात गव्हातही. मटकी, मूग, चवळी, हरभरा, तूर यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज असतं. ते तोडणारा रस माणसाच्या आतड्यात नाहीच, म्हणून ते अख्खं खाली उतरतं. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च भरपूर. शिजवून गार केलेला भात किंवा बटाटा यांतल्या स्टार्चचा काही भाग गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पचेनासा होतो. परत गरम केला तरी त्यातला बराचसा तसाच राहतो. सकाळचा फोडणीचा भात म्हणजे गरिबाची न्याहारी असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एक सावधगिरी हवी. रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवू नये, कोमट होताच फ्रिजमध्ये टाकावा. भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिज नसेल तर शिळ्या भाताच्या नादी लागू नये, शिळी भाकरी बरी.

मग मोठ्या आतड्यात काय होतं? जिवाणू हे सगळं आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. पोट साफ होणं हा त्याचा दिसणारा फायदा, बाकीचं आत चालू असतं.

सगळा चोथा म्हणजे प्रीबायोटिक नव्हे, हेही सांगून ठेवते. भाकरीतला बराचसा चोथा जिवाणूंनाही फारसा पचत नाही. तो मळाला आकार देतो, पाणी धरून ठेवतो. मुलाला दोन्ही लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास, पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ३ सुद्धा नाहीत. दोन वर्षांवरच्या मुलाला रोज किती तंतू लागतात, याचा एक जुना सोपा हिशेब आहे: वय अधिक ५. पाच वर्षांच्या मुलाला १० ग्रॅम. ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत त्यातले निम्मे येतात. उरलेले वाटीभर उसळ आणि एका फळात सहज. वेगळी पावडर घालायला जागाच राहत नाही.

४. पोटाला चांगलं ते दाताला चांगलं असेलच असं नाही

इथे चांगल्या शिकल्या-सवरलेल्या घरांची गफलत होते. साखर बंद केलेली असते, कौतुकानं सांगतात, "मॅडम, आम्ही चॉकलेट देतच नाही. खजूर, मनुका, अंजीर, सुकामेवा घातलेली चिक्की." मूल तोंड उघडतं आणि दाढांच्या खाचांत काळं.

तोंडाची आणि आतड्याची गरज उलटी आहे. आतड्याला हवं असतं की अन्न सावकाश यावं आणि न पचलेलं काही उरावं. तोंडाला हवं असतं की अन्न लवकर निघून जावं. दातावरच्या थरात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा जिवाणू राहतो. क्लार्क या संशोधकानं १९२४ मध्ये किडलेल्या दातातून तो वेगळा काढला. साखर मिळाली की काही मिनिटांत तो आणि त्याचे सोबती आम्ल बनवतात. दातावरची आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दातातले क्षार विरघळू लागतात. लाळ ते पूर्ववत आणायला अर्धा तास, कधी तास घेते. दर अर्ध्या तासाला मनुके तोंडात टाकणाऱ्या मुलाच्या लाळेला ती संधीच मिळत नाही. दुधाच्या दातांचं कवच कायमच्या दातांपेक्षा बरंच पातळ असल्यानं कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते.

स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोम संस्थेत १९४० आणि ५० च्या दशकांत मतिमंद रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींना जेवणासोबत साखर, काहींना जेवणाच्या मध्ये चिकट टॉफी. टॉफीवाल्यांचे दात पार गेले. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांचं त्या मानानं थोडक्यात निभावलं. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशांचे दात मुद्दाम किडू देऊन मिळवलेलं हे ज्ञान आहे, आणि ते आठवलं की मला अवघडल्यासारखं होतं. पण त्यानं शिकवलेलं खोटं नाही: साखर किती, याहून ती किती वेळा आणि किती चिकट, हे दाताला जास्त महत्त्वाचं.

आणखी एक कमी सांगितली जाणारी गोष्ट. हा म्युटन्स फ्रुक्टानच्या साखळ्याही तोडू शकतो. म्हणजे 'प्रीबायोटिक' छापलेली चिकट गोळी मुलानं तासभर चघळली, तर आतड्याला पोहोचायच्या आधी तिच्यावर तोंडातलेच ताव मारतात. पोराला आवडाव्यात म्हणून अशा गोळ्यांत वरून साखर असते ती वेगळी. मी या गोळ्यांच्या सरळ विरोधात आहे. कांद्याचं तसं नाही. तो कोशिंबिरीत, पिठल्यात, पोह्यात येतो, चावून गिळला जातो आणि दाताला चिकटून बसत नाही.

५. गूळ साखरेचा भाऊच आहे

आमच्याकडे गुऱ्हाळं पेटली की घराघरांत काकवी येते. गूळ 'नैसर्गिक' आहे, त्यात लोह आहे, म्हणून तो चालतो असं इथे सगळे मानतात. दातावरच्या जिवाणूला गूळ, काकवी, मध, साखर यांत भेद कळत नाही. भाकरीसोबत चमचाभर काकवी खावी, मजेनं खावी. खिशात गुळाचा खडा घेऊन दिवसभर चोखू नये. एवढंच.

६. डब्यात चावायचं काहीतरी हवं

मधल्या सुट्टीचा डबा मुद्दाम उघडून दाखवायला सांगते कधीकधी. बिस्किटं, केक, जॅम लावलेली पोळी, नूडल्स. वाईट आई कुणीच नसते; सकाळी सातला गाडी येते आणि पोराला पाच मिनिटांत खाता येईल असं काहीतरी द्यायचं असतं. म्हणून मी फार शहाणपण शिकवत नाही. थालीपीठ आदल्या रात्री लावता येतं, भाजणीत डाळी असतातच. कांदेपोहे, त्यात मूठभर मटार किंवा मोड आलेली मटकी. उकडलेले शेंगदाणे. मेथीचे पराठे. गाजराच्या किंवा काकडीच्या चकत्या. पेरूच्या फोडी, मूल मोठं असेल तर बियांसकट.

कच्चं गाजर किंवा सफरचंद चावल्यानं दात घासल्यासारखे स्वच्छ होतात, असं पूर्वी सांगत. तसं होत नाही. दातांच्या फटीतला थर तिथेच राहतो. पण चावताना लाळ भरपूर सुटते आणि लाळेतच आम्ल निवळवणारे क्षार असतात. जे पदार्थ आतड्याला बरे त्यांतले बहुतेक चावून खावे लागतात, हा योग दाताच्या पथ्यावर पडतो. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे, अख्खे चणे, गाजराचे जाड तुकडे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचा कूट द्यावा, गाजर किसून.

७. वायू होणारच, घाबरून थांबू नये

"उसळ दिली की पोट दुखतं म्हणतंय, म्हणून बंद केली." आजवर बिस्किटावर वाढलेल्या पोराला एकदम वाटीभर चवळी दिली तर दुखणारच. आंबणं म्हणजे वायू आलाच. सुरुवात दोन चमच्यांनी करावी, दोन-तीन आठवड्यांत वाटीवर यावं. आतड्यातली वस्तीही तोवर बदलते. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकावं, मोड आणावेत. भिजवल्यानं आणि मोड आल्यानं वायू करणाऱ्या साखळ्या कमी होतात, म्हणून पहिल्यांदा मोडाचे मूगच बरे. फोडणीत हिंग आणि ओवा असू द्यावा. आणि पाणी. तंतू वाढवले आणि पाणी तेवढंच ठेवलं तर मळ उलट घट्ट होतो. दूध दिवसाला लिटरभर जात असेल तर ते आधी निम्म्यावर आणावं; दुधानं भरलेल्या पोटाला भाकरी नकोच असते.

शीतून रक्त जात असेल, वजन घटत असेल, उलट्या होत असतील किंवा बाळाला जन्मापासूनच साफ होत नसेल, तर उसळीचे प्रयोग करत बसू नये. बालरोगतज्ज्ञाकडे जावं.

८. औषधाची बाटली वाचावी

मुलांची पातळ औषधं गोड असतात, नाहीतर ती घशाखाली उतरणार नाहीत. खोकला, ताप, जंत, टॉनिक. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाला रात्री दात घासल्यावर औषध पाजून झोपवलं की ते साखरेचं पाणी सकाळपर्यंत दातावर असतं. म्हणून आधी औषध, मग ब्रश. निदान पाणी तरी पाजावं.

प्रतिजैविकं गरजेची असतील तेव्हा घ्यावीच लागतात, पण ती आतड्यातल्या चांगल्या वस्तीलाही झोडपतात. औषध दुकानातून मागच्या वेळचीच बाटली परस्पर आणायची सवय आमच्या भागात फार आहे, ती मोडायला हवी.

एक गंमत सांगते. मुलाचं पोट साफ व्हावं म्हणून डॉक्टर लॅक्टुलोजचं औषध देतात. ते दुधातल्या साखरेपासून बनवतात, लहान आतड्यात पचत नाही, खाली जाऊन पाणी ओढून घेतं आणि बिफिडोबॅक्टेरियांना पोसतं. त्याचा हा दुसरा गुण १९५० च्या दशकातच लक्षात आला होता, म्हणजे प्रीबायोटिक हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी. डॉक्टरांनी सांगितलंय तोवर ते द्यावं. सुरू असताना ताटही बदलत न्यावं, नाहीतर बाटली संपली की पुन्हा पहिले पाढे.

९. ब्रश आणि फ्लोराइडला पर्याय नाही

आहार सुधारला म्हणजे घासायला नको, असं काहींना वाटतं. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टनं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मोठ्यांनी घासून द्यावं. आणि सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, काहीही न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. तीही दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती कायमची असते.

१०. आजीला बाजूला ठेवून काही होत नाही

आमच्याकडे पोराच्या तोंडात काय जायचं ते आजी ठरवते. गुटी उगाळून मधात चाटवणारी तीच, खलबत्त्यात कांदा-लसणाची चटणी कुटणारीही तीच. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, त्यातल्या एका जिवाणूमुळे क्वचित का होईना पण जीवघेणा आजार होतो, हे मी तिला स्पष्ट सांगते. आपल्या तोंडातला चमचा बाळाच्या तोंडात घालू नका, दात किडवणारे जिवाणू मोठ्यांच्या लाळेतूनच मुलाकडे जातात, हेही सांगते. ते तिला पटत नाही. "आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" वाढवलीत. पण तेव्हा दुकानात पाच रुपयांचा पुडा नव्हता, तो शाळेच्या वाटेवर टांगलेला नव्हता.

परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्याची दाढ भरून झाली, भाकरी-उसळीचं सांगून झालं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता संक्रांतीला तिळगूळ पण द्यायचा न्हाई का?"

"द्या की. जेवणाबरोबर द्या आणि चूळ भरायला लावा. फक्त डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवू नका."

"आणि भाकरी त्येला कोण चावून दावणार? माजंच बघून खातंय ते. मी दुधात भिजवून खाते, मग त्येला पण तसंच पायजे." असं म्हणून त्यांनी स्वतःचं बोळकं उघडून दाखवलं आणि नातवाला खुर्चीवरून उठवून त्याच्या जागी बसल्या. "माज्या कवळीचं माप घ्या आधी."